बीरशेब्याच्या वाटेवरची मराठी पोरं
(प्रस्तावना)

मराठी बोलणाऱ्या एका समाजाने विसाव्या शतकाच्या मध्यावर आपली गावं आणि मुंबईच्या चाळी सोडल्या, समुद्रापलीकडच्या नव्या देशात बिऱ्हाडं मांडली, आणि इकडे महाराष्ट्रात त्यांची फारशी कुणी विचारपूस केली नाही. हा समाज बेने इस्रायलांचा. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यातले हे मराठी यहुदी. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र झालं तेव्हा भारतात ते वीस हजारांच्या आसपास होते. आज भारतातले सगळे यहुदी मोजले तरी पाच हजार भरत नाहीत, आणि इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे यहुदी सुमारे ८५ हजार आहेत. त्यांतले बहुसंख्य या मराठी घरांतले. म्हणजे मायभूमीपेक्षा परदेशातच हा समाज मोठा झाला. तो तिथे कसा रुळला, त्यातही सतरा-अठरा-वीस वर्षांची पोरं कशी रुळली, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

हे सगळं मुरगुडात बसून लिहायचं कारण काय, असं कुणीही विचारेल. आमच्या वेदगंगेच्या काठावर इस्रायलचं नाव पोचलं ते ठिबकमुळे. उसाच्या सरीत नळी अंथरणाऱ्या शेतकऱ्याला तो देश तेवढ्यापुरता ठाऊक असतो. ठिबकच्या धंद्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी नेटाफिम. ती १९६५ साली नेगेव्ह वाळवंटातल्या हात्झेरीम नावाच्या किबुत्झने, म्हणजे सामायिक मालकीच्या शेतवस्तीने, काढली. हात्झेरीम बीरशेबा शहराच्या अगदी जवळ आहे. त्याच बीरशेब्यात, ठिबकची नळी बाजारात येण्याच्या चौदा वर्षं आधी, मराठी माणसं अपमानाविरुद्ध उठून उभी राहिली होती. नळी आमच्या रानात आली, ती गोष्ट मात्र आली नाही.

आता ती यायला हवी, कारण कागल तालुक्यातली पोरंही बाहेर पडायचं बोलू लागली आहेत. कुणाला आखातात जायचंय, कुणाला जर्मनीत, कुणाला इस्रायलमध्ये शेतीचं तंत्र शिकायला किंवा हातकाम करायला. एजंट पगार सांगतो, व्हिसाची तारीख सांगतो. पहिले सहा महिने माणूस तिथे कसा जगतो, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगू शकतात आधी गेलेले. आणि आपल्या भाषेत बोलणारे, आपल्यासारखं भात-भाकरी खाणारे, हाताशी फारसा पैसा नसलेले लोक आधी गेलेले असतील, तर त्यांचा अनुभव आपल्याला जितका कळेल तितका दुसऱ्या कुणाचा कळणार नाही.

हा इतिहास वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली. ही मंडळी तिथे टिकली, कारण त्यांनी कामात कमीपणा मानला नाही आणि मानात कमीपणा घेतला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात असणं अवघड असतं. जो पडेल ते काम करतो त्याला लोक बऱ्याचदा गृहीत धरतात, आणि जो मानासाठी अडून बसतो त्याला काम नकोसं वाटतंय असा शिक्का बसतो. बेने इस्रायलांच्या तरुण पिढीने दोन्ही सांभाळलं.

थोडं मागे जायला हवं. या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली कथा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिलं. पुढे इंग्रजी फौजेत, रेल्वेत, पोस्टात, इस्पितळांत त्यांनी नोकऱ्या धरल्या. मुंबईत मशीद बंदरजवळचं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ सालचं. १८७५ साली त्यांची शाळा मुंबईत सुरू झाली आणि तिथे मराठीबरोबर हिब्रूही शिकवली जाऊ लागली. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची प्रार्थनापोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. त्यांच्यात कीर्तनंही होत, बायबलमधली आख्यानं मराठीत लावून. कोकणात त्यांना कुणी धर्मावरून छळलं नाही, ही गोष्ट ते आजही आवर्जून सांगतात. म्हणजे छळाला कंटाळून पळालेला हा समाज नव्हे. श्रद्धेने, उत्सुकतेने, काही अंशी स्वातंत्र्यानंतरच्या अनिश्चिततेने तो निघाला. म्हणूनच तिथे गेल्यावर जे वाट्याला आलं, त्याचा धक्का त्यांना अधिक बसला असणार, असं मला वाटतं.

आधी निघाले ते तरुण. मुंबईत यहुदी तरुणांच्या संघटना होत्या. त्यांत गाणी, कवायत, हिब्रूचे पहिले धडे आणि किबुत्झमधल्या जीवनाची वर्णनं असत. किबुत्झची कल्पना कुठल्याही तरुणाला भुरळ घालणारी होती: जमीन सगळ्यांची, जेवण एका भोजनगृहात, कपडे एका धुलाईघरात, पगार कुणालाच नाही, गरजा सगळ्यांच्या भागणार. आपल्याकडेही त्या काळी सर्वोदयाच्या मंडळींना या प्रयोगाचं मोठं आकर्षण होतं. जयप्रकाश नारायण १९५८ साली तो पाहायला गेले होते.

प्रत्यक्षातला दिवस मात्र अंगावर येणारा. उन्हाळ्यात पहाटेच, ऊन तापायच्या आत, बागेत हजर व्हायचं. संत्र्या-मोसंब्यांची तोडणी, केळीचे घड खांद्यावरून वाहणं, गोठ्यातलं शेण, रात्री कोंबड्या धरून खुराड्यांत भरणं, नाहीतर शेकडो माणसांची ताटं धुणं. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस हिब्रूचे वर्ग अशी सोय नवागतांसाठी केलेली असे. त्या वर्गांना उलपान म्हणतात. १९६७च्या युद्धानंतर जगभरातून बिगर-यहुदी तरुणही स्वयंसेवक म्हणून किबुत्झांत येऊ लागले, त्यांचाही दिवस असाच असे: कामाच्या बदल्यात खोली, जेवण आणि थोडा हातखर्च. फरक एवढाच की स्वयंसेवकाच्या खिशात परतीचं तिकीट असायचं. काही महिन्यांनी तो अनुभव घेऊन घरी जायचा. मराठी पोरांना तिथेच आयुष्य काढायचं होतं, आणि बहुतेकांच्या मागून आई-बाप, धाकटी भावंडं येणार होती.

मुंबईत बाप कारकून असलेल्या, शाईने बोटं माखलेल्या घरातल्या मुलाने फावडं हातात धरणं ही साधी गोष्ट नव्हती. कोल्हापूर-साताऱ्याकडची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा त्यांना गाववाल्यांची खोली होती, खानावळ होती, साच्यावर शेजारी आपल्याच मुलखातला माणूस होता. बेने इस्रायलच्या मुलांच्या शेजारी रुमानियाचा, मोरोक्कोचा, इराकचा, पोलंडचा माणूस असायचा. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि सगळ्यांची हिब्रू मोडकी. अशा ठिकाणी काम हीच पहिली भाषा होते. जो वेळेवर येतो, शेजाऱ्याची पेटी उचलायला हात लावतो, त्याचं नाव लोकांना आधी कळतं. तरुणांना हे चटकन साधलं, मोठ्यांना जड गेलं.

भाषेचं तसंच. हिब्रू प्रार्थना या लोकांना पाठ होत्या, पण प्रार्थनेच्या हिब्रूत भाजीचा भाव विचारता येत नाही. शिवाय रोजच्या वर्तमानपत्रांत हिब्रू छापतात ती स्वरचिन्हांशिवाय. काना-मात्रा सगळ्या काढून टाकलेला मराठी मजकूर डोळ्यांसमोर आणला, तर नवख्याची काय गत होत असेल ते कळेल. सरकारी आणि कामगार संस्थांना याची जाणीव होती. १९५१पासून नवागतांसाठी स्वरचिन्हं दिलेलं, सोप्या हिब्रूतलं दैनिक निघत होतं. अशा छोट्या सोयींचं मोल मोठं असतं. मुलं शाळेत आणि उलपानात काही महिन्यांत बोलू लागली, आणि घरातली वडीलधारी माणसं दवाखान्यात, कचेरीत, रोजगार केंद्रात त्यांना पुढे घालू लागली. काल ज्यांनी बोट धरून चालायला शिकवलं त्यांच्या वतीने आज आपण बोलायचं, ही जबाबदारी पंधरा-सोळा वर्षांच्या वयात आली. स्थलांतराच्या इतिहासात घर, नोकरी, जमीन यांच्या नोंदी सापडतात, या ओझ्याची नोंद कुणी ठेवत नाही. मला ती फार महत्त्वाची वाटते.

त्या काळी देश गरीब होता हेही ध्यानात घ्यायला हवं. १९४९पासून दहा वर्षं तिथे रेशनिंग होतं. स्थलांतरितांसाठी तंबू आणि पत्र्याच्या खोपट्यांच्या तात्पुरत्या वसाहती होत्या. हे हाल सगळ्यांच्याच वाट्याला आले आणि ते सोसायला कुणाची ना नव्हती. ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीवर. रंग सावळा म्हणून हलकी कामं, घरवाटपात मागची रांग, कचेरीत तुसडी वागणूक, अशा तक्रारी बेने इस्रायलांनी केल्या. युरोपातून आलेल्यांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, हीही एक तक्रार त्यांत होती. १९५१च्या अखेरीला बीरशेब्यातली मंडळी तेल अवीवला आली आणि स्थलांतराचं काम पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीसमोर बसली. त्यांची मागणी होती की आम्हाला परत भारतात पाठवा. बैठं आंदोलन, उपोषण, सत्याग्रहाची ही सगळी रीत ते इथून घेऊन गेले होते. १९५२ साली शंभराहून अधिक जणांना विमानाने मुंबईला परत आणलं गेलं. पुढे त्यांतल्या अनेकांनी पुन्हा इस्रायलला जाण्याचा अर्ज केला आणि ते गेलेही.

हे परत जाणं काहींना धरसोड वाटेल. मला ते तसं वाटत नाही. एखाद्या देशाशी भांडून, तिथून निघून, मग विचारपूर्वक पुन्हा त्याच देशाकडे वळणारा माणूस पहिल्यापेक्षा डोळस असतो. स्वप्नाच्या ओढीने तो पहिल्यांदा गेला होता. दुसऱ्यांदा गेला तो तिथली उणी बाजू जाणून.

त्याहून खोल जखम दहा वर्षांनी झाली. १९६१-६२मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मगुरूंना, सूचना दिल्या की बेने इस्रायल समाजातल्या वधू किंवा वराचं लग्न दुसऱ्या यहुदी समाजात ठरलं, तर त्यांच्या आईकडच्या पूर्वजांची शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करावी. कोकणात शेकडो वर्षं इतर यहुद्यांपासून तुटून राहिलेल्या या लोकांचे घटस्फोट आणि विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी ती शंका. इस्रायलमध्ये यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्याच हाती असल्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. विचार करा: किबुत्झमध्ये बरोबर राबलेली, सैन्यात बरोबर पहारा केलेली, एकमेकांच्या प्रेमात पडलेली मुलं नोंदणीला जातात, आणि एकाला सांगितलं जातं की तुझी आजी, पणजी, खापरपणजी कोण होती ते सिद्ध कर. कोकणात शनिवार पाळणारे म्हणून हा समाज गावात वेगळा ओळखला गेला. जिथे सगळा देशच शनिवार पाळतो, तिथे त्यांना यहुदी असल्याचा दाखला मागितला गेला.

१९६४च्या उन्हाळ्यात दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांतून बेने इस्रायल जेरुसलेमला आले आणि धरणं धरून बसले. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळी. मुंबईतही निषेध झाला. अखेर ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, हा समाज सर्वार्थाने यहुदी असून त्यांच्यात आणि इतर यहुद्यांत काही फरक करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचं सरकार त्यामागे उभं राहिलं. धर्मपीठाला त्या सूचनांतून बेने इस्रायल हे नाव काढावं लागलं. रुळणं म्हणजे नव्या देशाच्या चालीरीती अंगवळणी पाडून घेणं, एवढाच अर्थ आपण धरतो. या लोकांनी नव्या देशालाही आपली सवय करून घ्यायला लावली. माझ्या मते ते त्या दिवशी खऱ्या अर्थाने तिथले झाले.

मराठीचं काय झालं? पहिल्या पिढीने ती घरात जपली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा ही सणांची कोकणी नावं तिकडेही गेली. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने आजही केला जातो. हैफा शहरात कार्मेल डोंगरावर एलियाहूची गुंफा आहे, तिथेही तो होतो. दूध आणि मांस एकत्र करायचं नाही हा त्यांचा धर्मनियम, म्हणून कोकणात रश्श्यात आणि हलव्यात नारळाचं दूध आलं, आणि ती चव नेगेव्हच्या वाळवंटात पोचली. लग्नाआधीची मेंदी तिथल्या इतर समाजांतल्या मित्रमैत्रिणींनाही आवडू लागली. ऐंशीच्या दशकात नोआ मस्सील यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून सुरू केलं. २०१७ साली भारताचे पंतप्रधान पहिल्यांदा इस्रायलच्या भेटीला गेले, तेव्हा तेल अवीवच्या सभेत त्यांनी त्याचा उल्लेख केला. मात्र तिथे जन्मलेल्या मुलांना मराठी समजते, वाचता येत नाही. नातवंडांना ती गाण्यांपुरती उरली आहे. हे दुःखाचं आहे आणि ते दुःख लपवण्यात अर्थ नाही. तरीही दिमोन्यातल्या गिरणीत किंवा मृत समुद्राच्या कारखान्यात पाळी संपवून आलेल्या माणसांनी, हातात वेळ नसताना, मराठीत लिहिणं आणि छापणं चालू ठेवलं, त्याबद्दल आपण इकडच्यांनी कृतज्ञ असायला हवं.

एका गोष्टीवर मी मुद्दाम थांबतो. लोद आणि रामले या गावांत अनेक मराठी कुटुंबं राहिली. जुलै १९४८मध्ये या दोन्ही गावांतल्या बहुतेक सगळ्या अरब रहिवाशांना घरंदारं सोडून निघावं लागलं होतं. नवागतांना वसवलं गेलं ते अशाच गावांत. कोकणातून आलेल्या माणसाने कुणाला हाकललं नाही, हे खरं. पण परक्या देशात जाणाऱ्याने आपण ज्या जमिनीवर पाय ठेवतो तिथे आधी कोण होतं, आता ते कुठे आहे, हे विचारायलाच हवं. स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्याने तर नक्कीच. त्या देशाबद्दल प्रेम असलं तरी ही चौकशी सुटत नाही.

आणि धोका. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझालगतच्या किबुत्झांवर हमासने हल्ला केला, त्यात अलुमीम किबुत्झमध्ये शेती शिकायला आणि काम करायला आलेले १० नेपाळी विद्यार्थी मारले गेले. ते येऊन काही आठवडेच झाले होते. शिकत कमवायचं, घरी पैसे पाठवायचे, परत येऊन आपल्या डोंगरात काही करून दाखवायचं, ही त्यांची स्वप्नं आमच्या पोरांच्या स्वप्नांपेक्षा तसूभरही वेगळी नव्हती. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो-हजार माणसं, लहान मुलं मेली. हे सगळं माहीत असताना मी कुणालाही 'जा' किंवा 'जाऊ नको' असं सांगणार नाही. जाणाऱ्याला आणि त्याच्या आईबापांना हे पूर्ण माहीत असावं, एवढं मी पाहणार.

आमच्या जिल्ह्यालाही परक्यांना वसवून घेतल्याचा अनुभव आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत श्रमछावण्यांतून वाचलेली. त्यांच्या छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. आपल्या भाषेत शिकायला मिळालं म्हणून ती मुलं परक्या मुलखात मोडून पडली नाहीत, आणि म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर बघायला आली. ते गेल्यावर त्याच ठिकाणी फाळणीत उखडलेल्या सिंधी कुटुंबांनी गांधीनगर वसवलं. वळिवड्याचा आणि बीरशेब्याचा अनुभव मी शेजारी ठेवून वाचतो. एकीकडे आपण यजमान, दुसरीकडे आपणच नवागत. आज आमच्या रानात ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात, कारखान्यांत बिहार-ओडिशाची पोरं राबतात. त्यांच्या पोरांची शाळा, त्यांचं पाणी, त्यांच्याशी बोलण्याचा आमचा सूर, हे सगळं त्याच हिशोबात येतं.

पुढच्या पानांची मांडणी काळाच्या क्रमाने केलेली नाही. आधी दिनक्रम आहे: काम, जेवण, भाषा, आठवडी सुटी. तिथे शुक्रवारी सूर्यास्ताआधीच बहुतेक ठिकाणी बसगाड्या थांबतात आणि रविवार हा कामाचा पहिला दिवस असतो, इतक्या साध्या गोष्टींपासून सुरुवात आहे, कारण माणूस आधी अशाच गोष्टींत अडखळतो. मग भांडणं येतात, १९५१ची आणि १९६४ची, सविस्तर. इतिहासाचा भाग शेवटी आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी करार, विमा, तक्रार कुठे करायची आणि आपल्या वकिलातीशी संपर्क कसा ठेवायचा, हे प्रकरण आधी वाचावं. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा आणि ज्या कागदावर सही करतो तो समजणाऱ्या भाषेत मागून घेण्याचा भाग आईवडिलांनीही वाचावा. बाकीचं सवडीने वाचलं तरी चालेल. १९६४च्या धरण्याचं प्रकरण मात्र निघण्याआधी एकदा पुरतं वाचून जावं.

मुरगूड, ता. कागल, जि. कोल्हापूर